प्रभू, तू इथे असतास तर

धाकटा भाऊ गेल्यानंतरही माझी रोजची प्रार्थना चुकली नाही. सकाळी उठायचं, डोळे मिटायचे, ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, या नव्या दिवसाबद्दल तुझे आभार मानते’ इथून सुरुवात करायची आणि ‘येशूच्या नावाने मागते, आमेन’ म्हणून उठायचं. लहानपणापासून जिभेवर बसलेले शब्द, ते आपोआप यायचे. त्यांत भावाचं नाव मात्र कुठेच नसायचं. तो आजारी होता तेव्हा प्रार्थनेत सगळ्यांत आधी त्याचंच नाव यायचं. तो गेला आणि ते नाव गळलं. मंडळीसाठी म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांसाठी, आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी मी मागत होते आणि जी गोष्ट उठता-बसता मन पोखरत होती तिच्याबद्दल देवासमोर अवाक्षर काढत नव्हते.

ती गोष्ट त्याच्यासमोर बोलायला मी कशी लागले, ते इथे लिहिते आहे. ख्रिस्ती घरात मरण आलं की आशेबद्दल खूप बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. पण शोक करणाऱ्या माणसाने प्रार्थनेला बसल्यावर नेमकं काय म्हणायचं, हे सहसा कोणी शिकवत नाही. मला ते शिकवणारं माणूस भेटलं, हे माझं भाग्य.

भावाचा आजार लांबला होता. मंडळीने उपास धरले, साखळी प्रार्थना केल्या, पाळकसाहेब तेल लावून प्रार्थना करून गेले. ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’ हे पवित्र शास्त्रातल्या यशया या पुस्तकाच्या ५३व्या अध्यायातलं वचन भावाने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवलं होतं. पहिले शब्द ठसठशीत, आणि शेवटाकडे हात थकल्यामुळे ओळ खाली उतरलेली. तो गेल्यावर आम्ही चादरी धुतल्या, औषधं उचलली, पलंग हलवला. त्या कागदाला कोणी हात लावला नाही. काढायचा तर वचन टाकून दिल्यासारखं वाटणार, आणि ठेवायचा तर रोज ते वाचायचं कसं? आई त्या खोलीत काही आणायला गेली तर त्या भिंतीकडे पाठ करून आत शिरायची आणि तशीच बाहेर यायची.

सांत्वनाला माणसं येत राहिली. सगळी प्रेमाने आली, यात मला तिळमात्र शंका नाही. येताना वचनं घेऊन आली. ‘तो प्रभूजवळ आहे, मग रडायचं कशाला?’ ‘देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात.’ ‘आपल्या शक्तीपलीकडे देव परीक्षा येऊ देत नाही.’ आई प्रत्येकाला ‘हो, प्रभूची इच्छा’ म्हणायची आणि पाहुणे गेले की भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची.

त्या वचनांबद्दल मला पुढे जे उमगलं ते इथेच सांगते. वचनं खरी आहेत, पण ज्या जागेवरून ती उचलली जातात ती जागा कोणी सांगत नाही. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं कल्याणाचं वचन २८वं आहे. त्याच्या थोडं आधी, २२व्या वचनात, सगळी सृष्टी कण्हत आहे आणि वेणा देत आहे. २६व्या वचनात आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही म्हणून पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणारं कण्हणं घेऊन आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे पौल कल्याणापर्यंत येतो तो कण्हण्यातून चालत येतो. करिंथकरांना लिहिलेलं परीक्षेचं वचन तर मोहाबद्दल आहे, मूर्तिपूजेकडे ओढणाऱ्या परीक्षेबद्दल. मुलगा गेलेल्या आईच्या ‘शक्ती’चं माप काढण्यासाठी ते लिहिलेलं नाही. जखम न धुता वरून पट्टी बांधली तर आत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पट्टी चांगली असून भागत नाही.

काही आठवड्यांनी मंडळीतून विचारणा झाली, रविवारच्या उपासनेत साक्ष द्याल का? प्रभूने या दुःखात तुम्हांला कसं सांभाळलं ते सांगा, इतरांना बळ मिळेल. मी नाही म्हटलं. विचारणाऱ्यांना वाईट वाटलं असावं. पण साक्ष म्हणजे जे पाहिलं ते सांगणं, आणि सांभाळलेलं मी तोवर काही पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास मंडळीतल्या एक वयस्क बाई घरी आल्या. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. फार वर्षांपूर्वी त्यांचा तरणा मुलगा गेला होता. त्या आल्या, आईशेजारी बसल्या, आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. पवित्र शास्त्रातला ईयोब, ज्याची मुलं आणि सगळं काही गेलं, त्याचे तीन मित्र पहिल्यांदा आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले, त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कोणी एक शब्द बोललं नाही. त्या मित्रांनी पुढे जे काही केलं त्यात हेच सर्वांत चांगलं होतं. मावशी निघताना मी त्यांना पोचवायला गेले. दारात त्या थांबल्या.

“प्रार्थना करतेस?”

“रोज करते, मावशी.”

“काय म्हणतेस त्याला?”

“आभार मानते. सगळ्यांसाठी मागते.”

“आणि पोटात काय आहे?”

मी गप्प राहिले. त्या वाट बघत राहिल्या. शेवटी माझ्या तोंडून निघालं, “आम्ही एवढं मागितलं, तेव्हा तू कुठे होतास, हे आहे.”

“मग तेच त्याला सांग की,” मावशी म्हणाल्या. “माझ्यापाशी बोलतेस, त्याच्यापाशी का नाही? आज ८८वं स्तोत्र वाच. मोठ्याने वाच. पुढच्या स्तोत्रावर जाऊ नकोस.”

दार लावून पलंगावर बसून मी ते मोठ्याने वाचलं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. तरी बहुतेक विलाप शेवटाकडे वळण घेतात, आभारावर नाही तर निदान भरवशावर येऊन थांबतात. ८८वं तसं वळत नाही. एज्राही हेमानाच्या नावावर असलेली ही १८ वचनं मरणाच्या कडेवर उभी आहेत. तू मला खोल गर्तेत टाकलंस, माझे ओळखीचे लोक तू माझ्यापासून दूर केलेस, तू आपलं मुख का लपवतोस? आणि शेवट अंधारावर. पुढे काही नाही. मी पान उलटून पाहिलं, एखादं वचन सुटलं असेल म्हणून. सुटलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा वाचताना सुरुवात दिसली. पहिल्याच वचनात तो देवाला आपल्या तारणाचा देव म्हणतो. मधे सांगतो की सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. म्हणजे हा माणूस रोज सकाळी उठून त्याच देवाकडे जातो आहे, आणि तूच हे केलंस असं त्याच्या तोंडावर सांगतो आहे. प्रार्थनेत एवढं बोलता येतं, आणि ते बोलणं पवित्र शास्त्रात जपून ठेवलं जातं, उपासनेत गायला दिलं जातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. उपासनेला जात मी लहानाची मोठी झाले, पण हे स्तोत्र मंडळीत वाचलेलं मला आठवत नाही.

पुढच्या दिवसांत मी विलापाची स्तोत्रं शोधून शोधून वाचली. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ चार वेळा येतं. सहाव्यात रडून रडून अंथरूण भिजतं. ३९व्याचा शेवट ऐकून तर मी दचकले. तिथे भक्त देवाला विनवतो की आता माझ्यावरची नजर काढ, म्हणजे मरायच्या आधी मला जरा हायसं वाटेल. ४४व्यात सगळी प्रजा मिळून म्हणते, प्रभू, जागा हो, झोपलास का? यातलं एकही वाक्य मी तोवर प्रार्थनेत उच्चारायला धजले नसते.

मावशी अधूनमधून यायच्या. त्यांनी मला विलापाचा साधा घाट दाखवला. आधी हाक, कारण बोलणं कोणाशी चाललंय ते ठरलं पाहिजे. मग तक्रार, जशी आहे तशी. मग मागणं, की तू काय करावंस असं मला वाटतं. आणि मग भरवसा. “हा शेवटचा भाग आला तर लिही,” त्या म्हणाल्या. “नाही आला तर जागा सोड. ८८व्यानेही सोडली आहे.” आणि मला एक वही आणायला सांगितली.

लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की तक्रार लिहिणं फार अवघड आहे. पहिली ओळ लिहिली की दुसरी आपोआप देवाची बाजू घ्यायची. ‘प्रभू, तू त्याला का बरं केलं नाहीस, तरी तुझी इच्छा पूर्ण होवो.’ मावशींनी वाचलं आणि ‘तरी’वर बोट ठेवलं. “हे येशूनेही म्हटलंय, गेथशेमाने बागेत. पण त्याआधी काय म्हटलं?” वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची ती प्रार्थना. त्याआधी त्याने शिष्यांना सांगितलं होतं की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. त्याआधी तो जमिनीवर पालथा पडून म्हणाला होता की शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळू दे. आणि हे एकदा नाही, मत्तय सांगतो त्याप्रमाणे तो तीनदा उठून गेला आणि त्याने तेच मागितलं. “तुझा ‘तरी’ पहिल्याच ओळीत आलाय,” मावशी म्हणाल्या. “प्याला टळू दे असं तू अजून म्हटलेलंच नाहीस.”

मी पुन्हा लिहिलं. वहीतला तो मजकूर आहे तसा देते, शब्द बदललेले नाहीत:

‘प्रभू येशू, तुझ्याशी बोलते आहे. तू आंधळ्यांना दृष्टी दिलीस, याईराच्या मुलीचा हात धरून तिला उठवलंस. ती बारा वर्षांची होती. माझा भाऊ तुला जड होता का? त्याने तुझं वचन भिंतीवर लावलं. ते खरं ठरेल म्हणून लावलं. ते आता कोण काढणार, तू सांग. सकाळी साडेपाचला त्याच्या फोनमध्ये गोळीचा गजर वाजतो. बाबा तो बंद करत नाहीत, नुसता थांबवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजतो. तू तो ऐकतोस का? मला तो परत हवा आहे. हे होणार नाही हे मला कळतं, पण मागायचंच तर हेच मागते. आणि हे होणार नसेल तर इथे ये. आमच्या घरी ये आणि त्या खोलीत बस.’

त्यानंतर अर्धं पान कोरं आहे. भरवशाचा भाग.

हे लिहून झाल्यावर मी खूप रडले. कित्येक महिन्यांत अशी रडले नव्हते. आणि खोली रिकामी वाटली नाही. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही. काही दर्शन झालं नाही, आवाज आला नाही. एवढंच की मी कोणाशी तरी बोलले होते आणि बोलणं ऐकलं गेलं होतं, अशी खात्री वाटली. आभार मानण्याच्या इतक्या सकाळी गेल्या, त्यांत ही खात्री एकदाही वाटली नव्हती.

मनात धाकधूक होतीच. हे कुरकुरणं नाही का? मिसरच्या गुलामीतून सुटल्यावर रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि देव त्यांच्यावर रागावला, हे आपण शब्बाथशाळेपासून ऐकतो. मी गणना या पुस्तकाचं १४वं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. तिथे लोक आपापसांत म्हणतात की देवाने आपल्याला मारायलाच इथे आणलं, आपण दुसरा पुढारी नेमू आणि मिसर देशात परत जाऊ. ते देवाबद्दल बोलतात, त्याच्याकडे पाठ करून. स्तोत्रकर्ता त्याहून जहाल बोलतो, पण त्याच्याकडे तोंड करून बोलतो. त्याच लोकांचा पुढारी मोशे त्यांना कंटाळून देवाला म्हणतो की तू मला असंच वागवणार असशील तर मला मारूनच टाक, आणि देव त्याच्यावर कोपत नाही, भार वाटून घ्यायला सत्तर वडील देतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. माझ्या मते शोकात विश्वास टिकला की नाही याची खूण शब्दांच्या सौम्यपणात शोधू नये. माणूस अजून त्याच्याकडे वळून बोलतोय का, ते पाहावं.

थेस्सलनीकाकरांना पौलाने लिहिलेलं वचनही याच दिवसांत नीट वाचलं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तो म्हणतो. खेदच करू नका असं म्हणत नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याच्यासाठी मोठा शोक केला, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. स्तेफनाने मरताना आकाश उघडलेलं आणि येशू देवाच्या उजवीकडे उभा असलेला पाहिला होता. तो कुठे गेला याबद्दल त्या माणसांना शंका असायचं कारणच नव्हतं. तरी ती रडली.

संत ऑगस्टीन यांची आई मोनिका इ. स. ३८७मध्ये ओस्तिया बंदरात वारली. त्यांनी स्वतः तिचे डोळे मिटले आणि आपले अश्रू बळाने आवरले. त्यांचा मुलगा हंबरडा फोडून रडू लागला तेव्हा त्याला गप्प करण्यात आलं, कारण अशा भक्त स्त्रीच्या मरणावर आक्रोश शोभत नाही असं सर्वांना वाटलं. दफनाच्या वेळीही ते रडले नाहीत. पुढे एकांतात, देवासमोर, त्यांचा बांध फुटला. हे त्यांनी पुढे आत्मकथनात देवालाच उद्देशून लिहून ठेवलं, आणि मी आईसाठी घटकाभर रडलो हे ज्याला पाप वाटेल त्याने मला हसू नये, अशी विनंती केली. इतक्या थोर माणसालाही रडण्यासाठी आधी स्वतःशी झगडावं लागलं हे वाचून मला धीर आला.

बाबांचं वेगळं होतं. बाबा रडले नाहीत, बोललेही नाहीत. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम’ एवढं एकच वचन ते प्रत्येकाला सांगायचे आणि विषय संपवायचे. ते ईयोबाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी आहे. एका संध्याकाळी मी त्यांच्यापाशी पवित्र शास्त्र घेऊन बसले आणि म्हटलं, बाबा, पुढे वाचू या का? तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मी जन्मतःच का मेलो नाही, असं विचारतो. पुढे पानांमागून पानं तो देवाला जाब विचारत राहतो, आणि मित्र देवाची बाजू मांडत राहतात. मग थेट ४२व्या अध्यायाचं सातवं वचन मी त्यांना वाचून दाखवलं. तिथे देव मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब याच्यासारखं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. बाबांनी ते वचन स्वतः पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला.

मग मी वहीतलं ते पान त्यांना वाचून दाखवलं. गजराची ओळ आली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. वाचून झाल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, “मी मागितलं होतं त्याच्याकडे. मला ने, त्याला राहू दे. रोज रात्री मागायचो. तुम्हांला कोणाला सांगितलं नाही.”

मुलगा अबशालोम मारला गेल्याचं कळल्यावर दावीद राजा वेशीवरच्या माडीवर रडत चढताना हेच म्हणत होता. अबशालोमा, माझ्या पुत्रा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर! मी ते बोलून दाखवलं नाही. बाबा तेव्हा रडायला लागले होते, मोठ्याने, आणि आई आतून धावत आली होती. त्या रात्री आम्ही तिघांनी बऱ्याच दिवसांनी एकत्र प्रार्थना केली. बाबांनी केली. ती फार छोटी होती आणि अर्ध्यात तुटली. आईने ‘आमेन’ म्हटलं.

गजर त्यानंतर बाबांनीच बंद केला. कधी, ते आम्हांला सांगितलं नाही. कागद अजून भिंतीवर आहे. आई आता त्याच्याकडे पाहते.

योहानाचा ११वा अध्याय मी मुद्दाम उशिरापर्यंत टाळला होता, कारण त्यात भाऊ परत मिळतो. शेवटी मावशींबरोबर वाचला. मार्था आणि मरिया यांचा भाऊ लाजर आजारी आहे हे कळल्यावर येशू आहे तिथेच दोन दिवस राहतो. पोचतो तेव्हा कबरेत चार दिवस झालेले असतात. मार्था समोर जाते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरिया येते, त्याच्या पायांवर पडते आणि हुबेहूब तेच म्हणते. दोघी बहिणी चार दिवस घरात एकमेकींना हेच म्हणत असणार, असं मला वाटतं. आमच्या घरात हे वाक्य कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं, पण होतं तेच.

येशू त्यांना गप्प करत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, मीच पुनरुत्थान आणि जीवन आहे असं सांगतो. मरियेला रडताना पाहून तो स्वतः व्याकूळ होतो आणि विचारतो, त्याला कुठे ठेवलं? आणि मग ते सर्वांना पाठ असलेलं वचन, ‘येशू रडला’. थोड्याच वेळात तो लाजराला बाहेर बोलावणार आहे. शेवट त्याला ठाऊक आहे. शेवट ठाऊक असून तो रडतो. मग शेवट ठाऊक आहे म्हणून माझ्या आईने रडू नये, असं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

ते वाचल्यावर माझ्या प्रार्थनेतलं एक वाक्य बदललं. ‘तेव्हा तू कुठे होतास’ हा प्रश्न राहिला, आजही आहे. पण त्याला कुठे ठेवलं, असं विचारणारा कोणीतरी मला दिसू लागला. मी त्याला तिकडे नेऊ लागले. भाऊ शेवटच्या दिवसांत कसा दिसायचा, काय बोलायचा, कोणत्या रात्री घाबरला होता, हे एकेक करून प्रार्थनेत सांगू लागले. नाव परत आलं.

पुढच्या दुःखसप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, पाळकसाहेबांनी विलापाची एक उपासना ठेवली. कल्पना मावशींची. पाळकसाहेबांनी आधी वडीलमंडळींपुढे विषय मांडला. एकांना काळजी वाटली की नवीन आलेले लोक काय म्हणतील, आपला विश्वास कच्चा आहे असं वाटेल. पाळकसाहेब म्हणाले, विलापगीत हे पुस्तकही याच पवित्र शास्त्रात आहे. तो विषय तिथेच मिटला नाही, पण उपासना झाली.

उपासनेत विलापगीताचे वेचे वाचले. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लेकरं रस्त्यात भुकेने कोसळली, त्या काळातली ही पाच गीतं. पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहेत. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकही न गाळता शोक. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे सर्वांना आवडणारं वचन तिसऱ्या गीताच्या मधोमध आहे, आणि त्यानंतर त्याच गीतात पुन्हा अश्रू वाहतात. पुस्तक संपतं ते तू आम्हांला अगदीच टाकलंस काय, या धास्तीवर. हे सगळं आहे तसं वाचलं गेलं. मधलंच एक वचन उचललं नाही.

मग ज्यांना हवं त्यांनी पुढे येऊन आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि सर्वांनी मिळून ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ म्हणायचं, असं ठरलं होतं. पहिला बराच वेळ कोणी उठलं नाही. मग एक आजोबा उठले. मग माणसं उठतच राहिली. कितीतरी वर्षांपूर्वी गेलेल्यांची नावं आली. एका बाईंनी नाव घेतलं नाही, नुसतं ‘माझं बाळ’ म्हटलं. ते जन्माआधीच गेलेलं होतं, आणि मंडळीत कोणाला माहीतही नव्हतं. मी भावाचं नाव घेतलं. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, ही पौलाची आज्ञा मी त्या दिवशी पाळली जाताना पाहिली. रविवारी साक्ष द्यायला मला सांगितलं होतं, ती आता माझ्याकडे होती, आणि ती हीच होती.

वहीतलं कोरं अर्धं पान नंतर भरलं. एकदम नाही, एकेक ओळ करून. पहिली ओळ खूप उशिरा आली. ‘तू वधस्तंभावर मोठ्याने ओरडलास, ते मी वाचलं.’ येशूने तिथे २२व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्याच्यापाशीही त्या घटकेला दुसरे शब्द नव्हते, स्तोत्राचे होते. ती ओळ लिहिल्यानंतर पुनरुत्थानाची आशा मला पहिल्यांदा माझी वाटली. तोवर ती मला रडू नये म्हणून सांगितली जात होती. आता तो परत मला दिसेल याची मी वाट पाहते, आणि जितकी त्याची उणीव भासते तितकी ती वाट खरी होते. प्रकटीकरणात देव त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील असं लिहिलं आहे. पुसायला ते डोळ्यांत असावे लागतात.

‘माझं बाळ’ म्हणणाऱ्या त्या बाई आता दर आठवड्याला माझ्याकडे येतात. आम्ही १३वं स्तोत्र वाचतो आहोत. एकंदर सहाच वचनं. पाचव्यात भक्त म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथं झालं की त्या बोट ठेवून थांबतात, पुढे नको म्हणतात. मी पुस्तक मिटत नाही, तसंच उघडं ठेवते, आणि आम्ही बाळाबद्दल बोलतो. तिच्यासाठी काय काय आणून ठेवलं होतं ते त्यांनी मागच्या वेळी सांगितलं. पुढच्या भेटीत त्या स्वतःचा विलाप लिहायला बसणार आहेत. पहिली ओळ त्यांनी ठरवली आहे, पण ती त्यांची आहे, मी इथे देत नाही.